दुधी काचेवरची पुणेरी पाटी

भाच्याने सुट्टीत स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडला. कॅबिनेटच्या एका बाजूला पत्र्याऐवजी पारदर्शक खिडकी. आतले पंखे आणि दिवे जगाला दिसावेत म्हणून. सदाशिव पेठेतल्या घरात वस्तू आली की तिच्यावर पाटी लागणारच. त्याला खिडकीवर दुधी अक्षरांत हवं होतं: ‘हात लावू नये. किंमत विचारू नये.’ मामाला विज्ञानातलं कळतं अशी घरात समजूत आहे, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं.

‘दुधी काच’ हा शब्द मला फार आवडतो, कारण तो पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनेही बरोबर आहे. दुधात पांढरा रंग नसतो. स्निग्धाचे आणि केसीन या प्रथिनाचे बारीक कण प्रकाश चोहीकडे उधळतात, म्हणून ते पांढरं दिसतं. दुधी काचेवरही रंग नसतो, फक्त खडबडीतपणा असतो. गुळगुळीत पृष्ठभागातून किरण शिस्तीत पार होतात, म्हणून पलीकडचं चित्र शाबूत राहतं. पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे पाडले की प्रत्येक किरण वेगळ्या दिशेला वळतो. लाल, हिरवा, निळा असे सगळेच रंग सारखे उधळले जातात आणि आपल्याला पांढरं दिसतं.

खात्री करायची तर न्हाणीघराच्या दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर पाण्याचा हात फिरवा. ओल्या जागेतून पलीकडचं बरंच स्पष्ट दिसू लागतं. अपवर्तनांक म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो ते सांगणारा आकडा. काचेचा सुमारे १.५२, पाण्याचा १.३३, हवेचा जवळपास १. खड्ड्यात हवेऐवजी पाणी बसलं की फरक कमी होतो आणि किरण कमी वळतात. पारदर्शक चिकटपट्टी दाबून लावली तरी तेच होतं.

भाच्याने काच खाणारी पेस्ट मागवायचं ठरवलं होतं. मी थांबवलं. अशा पेस्टमधली फ्लोराइड संयुगं काचेतल्या सिलिकाशी अभिक्रिया करतात. रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीले यांनी १७७१ साली फ्लोरस्पार हे खनिज आणि सल्फ्युरिक आम्ल तापवून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार केलं, तेव्हा त्यांचं काचेचं भांडंच झिजलं होतं. पण आमची खिडकी काचेची नव्हतीच, ॲक्रिलिकची होती. त्यात सिलिका नाही, त्यामुळे पेस्टला खायलाच काही नाही. शिवाय हे आम्ल कातडीतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला धरतं आणि सौम्य असेल तर सुरुवातीला दुखतही नाही. घरात हा उद्योग नकोच.

हल्ली बऱ्याच कॅबिनेटना टफन केलेली काच असते. तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. तिच्यावर खोल कोरायला गेलात तर चरा ताणाच्या थरापर्यंत पोचून सगळी काच खडीसाखरेसारखी खाली येऊ शकते. म्हणून आधी आपल्याकडे काय आहे ते बघा. हाताला गार आणि वजनाला जड लागली तर ती बहुधा काच.

ॲक्रिलिक मऊ असतं. त्याला साधा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर पुरतो. बोहरी आळीत ४०० नंबरचा मिळाला. त्याचे कण साधारण ३५ मायक्रॉनचे, म्हणजे केसापेक्षाही बारीक. साचा गाड्यांच्या नंबर प्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून कापून घेतला. (या रेडियमचा आणि क्युरीबाईंच्या रेडियमचा काडीचा संबंध नाही.) देवनागरीची गंमत अशी की शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघून येतो. पण ‘व’च्या पोटातला ठिपका सुटा राहतो, तो चिमट्याने परत जागेवर बसवावा लागतो.

घासायचं ते गोल गोल. एकाच दिशेने घासलं तर चरे रांगेत पडतात आणि रेघा चमकतात. पाणी लावून घासताना मात्र काहीच उमटत नाहीये असं वाटतं. भाचा वैतागून जोर लावणार इतक्यात मी फडकं फिरवलं. पाणी सुकलं आणि अक्षरं उगवली.

दोन दिवसांत पाटी खराब झाली. ‘हात लावू नये’ वाचून घरातल्या प्रत्येकाने हात लावला. बोटांचं तेल खड्ड्यांत भरलं आणि त्याचा अपवर्तनांक ॲक्रिलिकच्या इतका जवळचा की तिथे तिथे पारदर्शक डाग पडले. साबणाच्या पाण्याने ते निघाले (स्पिरिट लावू नका, ॲक्रिलिकला बारीक तडे जाऊ शकतात), पण पुन्हा पडणार हे उघड होतं. म्हणून अक्षरं आतल्या बाजूने घ्यायची ठरली. दुसरा साचा मागताना रेडियमवाल्यानेच विचारलं, “उलटा कापू ना, काका?” मी तोपर्यंत त्याचा विचारच केला नव्हता. बाहेरची जुनी अक्षरं ८००, १२००, २००० असे बारीक होत जाणारे पेपर आणि शेवटी पॉलिश लावून घालवली. त्यात दोन रविवार गेले.

मग शीटच्या खालच्या कडेला एलईडीची लाल पट्टी लावली. खरी मजा इथे आहे. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९. हवेतून कडेने आत शिरलेला किरण कितीही तिरपा आला तरी आत कडेच्या लंबाशी जास्तीत जास्त ४२ अंशांचा कोन करतो. म्हणजे रुंद बाजूवर तो लंबाशी किमान ४८ अंशांचा कोन करूनच आदळणार. आणि बाहेर पडायला हा कोन ४२पेक्षा कमी लागतो. थोडक्यात, दोन्ही बाजूंवर टप्पे खात तो शीटमध्येच अडकतो. ऑप्टिकल फायबरमधला प्रकाश असाच जातो. वाटेत खडबडीत जागा आली की कोन बिघडतो आणि किरण बाहेर निसटतो. म्हणून कोरी जागा काळोखी राहते आणि अक्षरं तेवढी पेटतात. एलसीडी मॉनिटरच्या पडद्यामागेही असाच एक पारदर्शक पत्रा असतो. त्यावरचे ठिपके दिव्यापासून दूर जाताना दाट करतात, म्हणजे उजेड सगळीकडे सारखा पडतो.

रात्री दिवे घालवून पट्टी लावली. नवी अक्षरं लालभडक उमटली आणि त्यांच्या शेजारी, दिवसा अजिबात न दिसणारी जुनी पाटीसुद्धा अंधूक वाचता आली. माझ्या पॉलिशमधून सुटलेला प्रत्येक चरा प्रकाशाला सापडला होता. मी परत घासायला पेपर काढला, पण भाच्याने तो काढून घेतला. त्याच्या मते पुण्यात एकदा सांगून कोण ऐकतं, दोनदा लिहिलेलंच बरं.