रानडुक्कर मारण्याची परवानगी : कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी अर्जाची माहिती

राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगराकडच्या तालुक्यांत रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचे वावर उकरून टाकतो, तेव्हा बंदूक आणि थर्मल दुर्बीण घेऊन राखणीला बसण्याचा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार रानडुक्कर अनुसूची 2 मधील संरक्षित प्राणी आहे. उभ्या पिकाला त्याचा धोका असल्यास कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. असा आदेश नसताना केलेल्या शिकारीस 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अर्ज आपल्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे करावा. त्यात गट क्रमांक, पीक, नुकसानीची तारीख आणि कळप कोणत्या बाजूने शिरतो हे स्पष्ट लिहावे. सोबत सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि नुकसानीची छायाचित्रे जोडावीत. उकरलेली माती, मुळाशी चावून आडवा पाडलेला ऊस आणि खुरांचे ठसे जवळून टिपलेले असावेत. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. नुकसानभरपाई हवी असल्यास 3 दिवसांच्या आत वन विभागाला कळवून वन, महसूल व कृषी कर्मचाऱ्यांचा संयुक्त पंचनामा करून घ्यावा. माझ्या मते परवानगी मागणाऱ्यानेही हा पंचनामा आधी करून घेणे हिताचे आहे, कारण नुकसानीचा तोच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

पीक संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. दोन्ही कागद वेगळे आहेत आणि दोन्ही लागतात. थर्मल उपकरणानेही कोणताच अधिकार मिळत नाही. ते केवळ उष्णता दाखवते, उसाच्या दाट पाल्याआडचे त्यातून दिसत नाही, आणि पाल्यातून अर्धवट दिसणारा उष्ण ठिपका डुकराचा आहे की रात्रपाळीच्या विजेवर पाणी पाजायला आलेल्या, सरीत वाकलेल्या शेजाऱ्याचा, हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून ओळख पटल्याशिवाय गोळी झाडूच नये. कुंपणात वीजप्रवाह सोडणे, फासे लावणे किंवा गावठी बॉम्ब ठेवणे तर माणसांच्या आणि गुरांच्याही जिवावर बेतते.

जमीन राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत असल्यास अर्जापूर्वी वन्यजीव विभागाकडे विचारणा करावी. परवानगीनुसार मारलेले रानडुक्कर कलम 39 प्रमाणे शासनाची मालमत्ता असते, त्यामुळे मांस वाटून न घेता वनरक्षकास ताबडतोब कळवावे.