पट्टा रद्द झाला, तरी विहिरीतला दाब कायम असतो

२७ मे २०२० रोजी आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान येथे ऑइल इंडियाच्या विहिरीतून नैसर्गिक वायू अनावरपणे उसळू लागला. ९ जूनला त्याने पेट घेतला आणि त्यात दोन अग्निशमन कर्मचाऱ्यांचा बळी गेला. दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आणि मागुरी-मोटापुंगची पाणथळ जागा तेथून अगदी जवळ आहे. १९ जूनला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने बाघजानमधील खोदकाम व उत्पादन थांबवण्याची नोटीस बजावली आणि काही दिवसांतच ती मागेही घेतली. ही माघार होती, यात शंका नाही. परंतु ज्या विहिरीमुळे नोटीस निघाली ती विहीर नोटिशीने बंद होणारी नव्हतीच. ती शांत व्हायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला.

अशा दुर्घटनेनंतर ‘त्या कंपनीचे सगळे पट्टे (म्हणजे तेल-वायू काढण्यासाठी सरकारने दिलेले परवाने) रद्द करा’ ही मागणी हमखास होते, आणि भूगर्भातील तेल हे जनतेच्या मालकीचे असल्याने ती नैतिकदृष्ट्या रास्तही आहे. अडचण आहे ती भौतिकशास्त्राची.

मेक्सिकोच्या आखातातील बीपी कंपनीची मॅकोंडो विहीर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,६०० मीटर खोल गेली होती. पाण्यात दर दहा मीटरला वातावरणाच्या दाबाइतका दाब वाढतो, म्हणजे विहीर नुसत्या पाण्याने भरली असती तर तळाशी वातावरणाच्या ५६० पटींच्या आसपास दाब पडला असता. खडकातील तेल आणि वायू मात्र सुमारे ८०० पट दाबाने वर यायला बघत होते. ही तफावत भरून काढण्यासाठी विहिरीत पाण्यापेक्षा बराच जड असा चिखलासारखा द्रव भरतात, ज्याला या व्यवसायात ‘मड’ म्हणतात. २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर हॉरायझन’ या तरंगत्या रिगवरील कामगार तेल काढत नव्हते; ते विहीर तात्पुरती बंद करून निघण्याच्या तयारीत होते. तळाशी ओतलेले सिमेंट टिकले आहे की नाही हे पाहणाऱ्या दाबचाचणीचा त्यांनी चुकीचा अर्थ लावला आणि वरच्या भागातील मड काढून तेथे समुद्राचे पाणी भरले. वरून पडणारा दाब कमी झाल्याने तेल-वायू वर उसळला आणि स्फोट झाला. ११ कामगार मरण पावले, विहीर ८७ दिवस वाहत राहिली आणि न्यायालयाने मान्य केलेल्या हिशेबानुसार ३१.९ लाख बॅरल तेल समुद्रात गेले. तोंडावर झाकण १५ जुलैला बसले, पण शेजारून तिरपी खोदलेली दुसरी विहीर तळाशी नेऊन तीमधून सिमेंट भरल्यावरच, १९ सप्टेंबरला, ती कायमची बंद झाल्याचे जाहीर करता आले. विहीर बंद करणे हे काम उघडण्याइतकेच जोखमीचे आहे, हे या घटनेइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशातून दिसत नाही. त्या खडकाची नोंद, नळांची मापे आणि अनुभवी माणसे ज्या कंपनीकडे आहेत, तिलाच दुसऱ्या दिवशी हाकलून दिले, तर बंद करण्याचे काम कोण करणार?

अमेरिकेचा सागरी पट्ट्यांविषयीचा १९५३ चा कायदाही सावध आहे. पर्यावरणाला गंभीर धोका असल्यास पट्टा रद्द करता येतो, पण त्याआधी सुनावणी व्हावी लागते, काम साधारणपणे पाच वर्षे स्थगित राहावे लागते, आणि त्यानंतर कंपनीला भरपाईही द्यावी लागू शकते. ही भरपाईची तरतूद वाचताना कोणाचाही संताप व्हावा. बीपीच्या बाबतीत प्रत्यक्षात झाले ते वेगळेच: नोव्हेंबर २०१२ मध्ये तिला नवे सरकारी करार मिळण्यास मनाई झाली, जुने पट्टे तसेच राहिले, आणि मार्च २०१४ मध्ये ती मनाईही उठली.

माझ्या मते रद्द करायचा तो तेल काढण्याचा हक्क. विहीर बुजवण्याचे कर्तव्य मात्र त्याच कंपनीच्या गळ्यात ठेवले पाहिजे, आणि त्याचे पैसे आधीच बाजूला काढून घेतले पाहिजेत.

ही कल्पना नागपूरकरांना अपरिचित नसावी. पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय याच शहरात आहे, भारतीय खाण ब्युरोही येथेच आहे, आणि उमरेड, कामठी, सावनेर परिसरात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड) कोळसा खाणी आहेत. खाणीतले पंप थांबले की भूजल पुन्हा चढू लागते आणि खड्डा तळ्यासारखा भरतो. म्हणजे खाणही कुलूप लावून बंद होत नाही. म्हणूनच कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये या दराने रक्कम एस्क्रो खात्यात (ठरलेल्या कामासाठीच राखून ठेवलेल्या खात्यात) टप्प्याटप्प्याने भरणे बंधनकारक केले. खाण चालू असताना, कमाई होत असताना हे पैसे घ्यायचे, यातच त्या सूचनेचे शहाणपण आहे.

असा निधी पुरेसा ठरेलच असे नाही. सप्टेंबर २००४ मध्ये ‘आयव्हन’ चक्रीवादळामुळे समुद्रतळाचा गाळ घसरला आणि टेलर एनर्जी या कंपनीचा मेक्सिकोच्या आखातातील तेल काढण्याचा प्लॅटफॉर्म कोसळला. विहिरींची तोंडे गाळाखाली गाडली गेली. कंपनीने २००८ मध्ये सुमारे ६६.६ कोटी डॉलर विश्वस्त निधीत ठेवले, आपला तेलव्यवसाय विकून टाकला आणि गळती नगण्य असल्याचे सांगत राहिली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासात ती दिवसाला ९ ते १०८ बॅरल असल्याचे आढळले. त्याच वर्षी अमेरिकी तटरक्षक दलाने त्या जागी तेल गोळा करणारी यंत्रणा उतरवली, आणि तिच्यात साठलेले तेल ठरावीक काळाने जहाजांनी उपसून न्यावे लागू लागले.