आडवी बाटली

गावातील किंवा नगरपालिकेच्या प्रभागातील परवानाधारक दारू दुकान मतदानाने बंद करण्याची महाराष्ट्रातील पद्धत. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली निघालेला २००८ चा आदेश तिचा आधार. एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी निवेदन दिले की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान लागते. सातारा जिल्ह्यात मेढ्यासह जावळी तालुक्यातील बायकांनी ही पद्धत गाजवली.

खरी मेख मोजणीत आहे. झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडवीला पडावी लागतात. यादीत १,००० महिला, आल्या ६००, त्यातल्या ४९० जणींनी आडवीवर शिक्का मारला, तरी दुकान उघडेच. जावळी-पाटणच्या डोंगरी गावांत घरटी माणसे मुंबईला, नावे मात्र गावच्या यादीत. गावी न आलेली प्रत्येक सून उभ्या बाटलीच्या पदरात पडते. म्हणून मयतांची आणि सासरी गेलेल्या लेकींची नावे आधी कमी करून घ्यावी लागतात, मुंबईकरांना फोन करावे लागतात. दुकानदाराला प्रचाराचीही गरज नसते, बायका घरात बसल्या की झाले. (हीच अट विधानसभेला लावली तर किती आमदार निवडून येतील, असे कुणी विचारले तर ते गैर नाही.)

कृष्णाकाठ उसाचा, साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क निघतो, आणि कारखान्याचे राजकारण तेच तालुक्याचे राजकारण. सांगली जिल्ह्यात पलूसला तर सरकारी धोरणातूनच वाइन पार्क उभे राहिले. दारूवरचे उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीलाही सोडवत नाही. त्यामुळे व्यसनमुक्तीच्या व्यासपीठावर पुढाऱ्यांची गर्दी असते, मतदानाच्या दिवशी सहसा नसते.

आडवी जिंकली तरी बंद होते ते दुकान, पिणे नव्हे. एसटी स्टँडजवळचा गुत्ता हटला की शाळेच्या मुली बिनघोर जातात, बाजाराच्या दिवशीची भांडणे कमी होतात; हा फायदा लहान नाही. पण चपटी मग ढाब्यावर चढ्या दराने मिळते, हातभट्टी पुन्हा पेटते, आणि छाप्यात सापडतो तो बहुधा किरकोळ विकणारा. व्यसनी माणसाच्या उपचाराची तरतूद या आदेशात नाही. ते काम साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या ‘परिवर्तन’सारख्या संस्थांवर पडले.

डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकाने बंद करायला लावली. पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या दुकानदारांना आत गावात सरकावे लागणार, म्हणून बायकांना नवा घोर लागला. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने शहरहद्दीला सूट मिळू शकते असे स्पष्ट केले.