जुना छोटा ट्यूब ॲम्प घरी वाजवताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यशाळेत दुरुस्तीला येणारे गिटार ॲम्प्लिफायर बहुतेक लहान चणीचे असतात. आठ इंची एकच स्पीकर, जेमतेम पाच वॉटची ताकद आणि मागच्या फळीच्या फटीतून मंद नारिंगी उजेड देणारे तीन-चार व्हॉल्व्ह, असे त्यांचे रूप असते. कोणी ते अमेरिकेहून परतताना सामानात आणलेले असतात, तर कोणाला ते काका-मामांकडून मिळालेले असतात. ज्यांच्या लहानपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना हे व्हॉल्व्ह पाहताक्षणी ओळखू येतात. गिटार वाजवणारी मंडळी त्यांनाच ट्यूब म्हणतात. दोन्ही शब्द एकाच वस्तूचे आहेत आणि पुढे आम्ही दोन्ही वापरले आहेत.

या पत्रकातील दाखले फेंडर कंपनीच्या व्हायब्रो चॅम्प या ॲम्पचे आहेत, कारण त्याची रचना अत्यंत साधी असून ती समजली की याच घराण्यातील बाकीचे छोटे ॲम्पही समजतात. हा ॲम्प कॅलिफोर्नियात १९६४ मध्ये निघाला. सुरुवातीला त्याची दर्शनी पट्टी काळी होती, १९६८ च्या सुमारास ती चंदेरी झाली. आतील सर्किट मात्र जवळजवळ तेच राहिले. गिटारकडून येणारा क्षीण संकेत १२एएक्स७ या ट्यूबमध्ये मोठा होतो, ६व्ही६ ही एकटी पॉवर ट्यूब त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देते आणि ५वाय३ ही रेक्टिफायर ट्यूब या सर्वांना लागणारा डीसी पुरवठा करते. ट्रेमोलोसाठी आणखी एक १२एएक्स७ असते. ट्रेमोलो म्हणजे आवाजाची पातळी लयीत कमी-जास्त होणे. कंपनीने नावात ‘व्हायब्रो’ घातले असले तरी या ॲम्पमध्ये स्वर वर-खाली होत नाही, केवळ त्याचा जोर हेलकावतो.

असा ॲम्प हाती आल्यावर बहुतेक ग्राहक आम्हाला एकच विनंती करतात, ती म्हणजे आतील काहीही बदलू नका, सगळे मूळचे राहू द्या. या विनंतीमागील जिव्हाळा आम्हाला समजतो आणि तो आमच्याही मनात आहे. तरीही आमचे मत स्पष्ट आहे: आवाज घडवणारे भाग जिवापाड जपावेत, पण ज्या भागांमुळे माणसाला धोका आहे किंवा जे वयाने संपले आहेत ते बदललेच पाहिजेत. कोणता भाग कोणत्या गटात मोडतो, हे ग्राहकाला स्वतःला कळावे यासाठीच हे पत्रक लिहिले आहे.

वीजपुरवठा आणि अर्थिंग

अमेरिकेत विकला गेलेला ॲम्प ११७ किंवा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ पुरवठ्यासाठी बांधलेला असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज येते. असा ॲम्प थेट भिंतीतील सॉकेटला लावला तर नशिबाने फक्त फ्यूज उडतो. कोणी त्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार घातलेली असेल, तर पॉवर ट्रान्सफॉर्मर जळतो. असा जळका ॲम्प आमच्या टेबलावर आला की आम्हाला मनापासून हळहळ वाटते, कारण पन्नास-साठ वर्षे टिकलेला ट्रान्सफॉर्मर काही सेकंदांत गेलेला असतो. म्हणून ॲम्प पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी मागच्या पट्टीवर छापलेला व्होल्टेज वाचावा आणि वाचता येत नसेल तर ॲम्प लावूच नये.

२३० चे ११० व्होल्ट करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हा सोपा उपाय आहे. या ॲम्पला साधारण ३५ ते ५० वॉट वीज लागते, त्यामुळे किमान १०० व्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. ११० व्होल्ट कमी पडतील, अशी शंका बरेच जण विचारतात. ट्यूबच्या हीटरला, म्हणजे तिला आतून तापवणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट अपेक्षित असतात. ११७ ऐवजी ११० दिल्यास तेथे सुमारे ५.९ व्होल्ट पोहोचतात आणि दहा टक्क्यांपर्यंतचा फरक ट्यूब सहज सोसते. उलट थोडा कमी व्होल्टेज येथे उपकारकच ठरतो, कारण ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर ५० हर्ट्झला जास्त चुंबकीय ताण येतो आणि तो अधिक तापतो. तासभर वाजवल्यावर ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवता येत नसेल, तर आम्हाला कळवावे. रोज वाजवणाऱ्यांना आम्ही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा नवा पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवण्याचा आणि मूळचा जपून ठेवण्याचा सल्ला देतो.

अर्थिंगचा प्रश्न याहूनही गंभीर आहे. १९६० च्या दशकातील बऱ्याच ॲम्पना दोन पिनांची वायर असे आणि वीजवाहक तारेपासून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा सुटा भाग) जोडलेला असे. खरखर कमी करणे हा त्याचा हेतू होता. तो कपॅसिटर शॉर्ट झाला की सांगाडा जिवंत होतो. सांगाड्याला गिटारची वायर जोडलेली असते, वायरीला गिटारच्या तारा आणि तारांना आपली बोटे. आपण त्याच वेळी अनवाणी ओल्या फरशीवर उभे असू किंवा दुसऱ्या हाताने मायक्रोफोन धरला असेल, तर झटका प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे दोन पिनांची वायर आणि हा कपॅसिटर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक ॲम्पमधून काढला जातो आणि सांगाड्याला पक्के अर्थिंग देऊन तीन पिनांची वायर बसवली जाते. हा बदल नको असलेल्या ग्राहकाचा ॲम्प आम्ही दुरुस्तीला घेत नाही. याने आवाजात काडीचाही फरक पडत नाही.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. बाजारातील अनेक स्वस्त स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरना तीन भोकांचे सॉकेट असते, पण तिसरे भोक आतून कशालाच जोडलेले नसते. अशा वेळी ॲम्पला लावलेली तिसरी पिन निव्वळ शोभेची ठरते. ट्रान्सफॉर्मर विकत घेतल्यावर तो ॲम्पसोबत आमच्याकडे आणावा. भिंतीतील पिनेपासून ॲम्पच्या सांगाड्यापर्यंत अर्थिंग सलग आहे की नाही, हे आम्ही मोफत तपासून देतो. जुन्या इमारतींमध्ये भिंतीतील सॉकेटलाच अर्थिंग नसते, ते मात्र आपल्या वायरमनकडून पाहून घ्यावे.

ॲम्पच्या आत सुमारे ३५० व्होल्ट डीसी खेळत असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो. ट्यूब बदलणे हे घरी करता येण्यासारखे काम आहे. सांगाडा पेटीतून बाहेर काढणे हे नाही.

काय संपते आणि काय टिकते

पुरवठ्यातील लहर गुळगुळीत करणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून वाळतात. त्यांचे आयुष्य साधारण पंधरा-वीस वर्षांचे धरावे, म्हणजे १९७० च्या ॲम्पमध्ये मूळचे कपॅसिटर असतील तर त्यांनी आपले काम केव्हाच पुरे केलेले आहे. ॲम्प घुमतो, खर्जातील स्वर फुसके लागतात, ही त्यांची लक्षणे आहेत. घुमण्याचा स्वर ऐकूनही पुष्कळ कळते: या कपॅसिटरमधून येणारी घरघर १०० हर्ट्झची असते, तर हीटरच्या तारांतून शिरणारी घरघर ५० हर्ट्झची, म्हणजे एक सप्तक खाली. ग्राहकाने फोनवर ॲम्पची घरघर नुसती ऐकवली, तरी कोठून सुरुवात करायची याचा अंदाज आम्हाला बांधता येतो. ६व्ही६ च्या कॅथोडवरील (कॅथोड म्हणजे ट्यूबमधील इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) छोटा इलेक्ट्रोलिटिकही याच वेळी बदलावा.

याउलट आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि संकेताच्या वाटेवरील कपॅसिटर हे आवाजाचे खरे धनी आहेत. ते चांगले असतील तोवर आम्ही त्यांना हात लावत नाही. संकेताच्या वाटेवरील कपॅसिटर गळू लागल्याचे मोजून दिसले तरच तो बदलतो, कारण त्यातून गळणाऱ्या डीसीमुळे ६व्ही६ भाजून निघते. जुने कार्बनचे रेझिस्टर वयाने किंमत बदलतात आणि त्यांतील एखादा तापल्यावर कढईत मोहरी तडतडावी तसा तडतडतो. तेवढा एकच बदलावा, सरसकट सगळे बदलू नयेत.

आपला ॲम्प मूळचा किती राहिला आहे, हे पाहण्याची एक खात्रीची खूण आहे. व्हॉल्यूम आणि टोनच्या पोटेन्शिओमीटरवर (बटणामागे फिरणाऱ्या भागावर) बहुधा सात आकडे ठोकलेले असतात. १३७६८१२ असा क्रमांक असेल, तर १३७ ही सीटीएस या उत्पादकाची ओळख, ६८ म्हणजे १९६८ आणि १२ म्हणजे त्या वर्षाचा बारावा आठवडा. स्पीकरच्या फ्रेमवरही असेच आकडे असतात. २२० ने सुरू होणारा क्रमांक जेन्सनचा आणि ४६५ ने सुरू होणारा ऑक्सफर्डचा. ॲम्प या तारखेच्या आधीचा असू शकत नाही, थोडा नंतरचा असू शकतो. आम्ही ॲम्प उघडतो तेव्हा हे आकडे टिपून ग्राहकाला देतो.

ट्यूबविषयी

ट्यूब या झिजणाऱ्याच वस्तू आहेत, त्या बदलल्याने मूळपण जात नाही. व्हायब्रो चॅम्पमध्ये ६व्ही६ चा बायस, म्हणजे वाजत नसतानाही तिच्यातून किती प्रवाह वाहावा याची जुळणी, कॅथोडवरील रेझिस्टर ठरवतो, त्यामुळे नवी ट्यूब बसवल्यावर मोठ्या ॲम्पसारखे बायस जुळवून घ्यावे लागत नाही. ट्यूब पूर्ण थंड झाल्यावरच काढावी, तळाकडून धरून सरळ वर ओढावी आणि बसवताना १२एएक्स७ च्या बारीक पिना वाकणार नाहीत याची काळजी घ्यावी. कोणती ट्यूब किणकिणते हे पाहायचे असेल, तर ॲम्प चालू ठेवून पेन्सिलीच्या लाकडी टोकाने प्रत्येकीवर हलकेच टिचकी मारावी. स्पीकरमधून ठणठण ऐकू आली ती ट्यूब बदलावी.

५वाय३ च्या जागी ५यू४ कधीही लावू नये. खाचा जुळतात, पण ५वाय३ चा हीटर दोन ॲम्पियर घेतो आणि ५यू४ चा तीन, आणि तो जादा भार ट्रान्सफॉर्मरवर पडतो. रेक्टिफायर ट्यूबऐवजी डायोड बसवल्यास आतील व्होल्टेज वाढतो आणि जोरात तार छेडल्यावर आवाज किंचित दबून पुन्हा फुलण्याचा जो गुण आहे, तोही हरवतो. काचेतील निळसर झाक पाहून घाबरू नये. मात्र ६व्ही६ च्या आतील राखाडी पत्रा लाल होऊ लागला, तर त्याच क्षणी ॲम्प बंद करावा.

स्पीकरची वायर काढून ॲम्प कधीही वाजवू नये. भार नसलेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये संकेताच्या प्रत्येक झटक्यासरशी प्रचंड व्होल्टेज उसळतो आणि वेटोळ्यांमधील आवरण फाडून जातो. घरच्या कोणी साफसफाई करताना वायर ओढली नाही ना, हे वाजवण्यापूर्वी एकदा पाहावे.

घरातील आवाज

पाच वॉट म्हणजे अगदी हळू, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. ताकद दहापट झाली की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे पन्नास वॉटच्या ॲम्पपुढे हा पाच वॉटचा ॲम्प दहावा हिस्सा नव्हे, निम्मा वाजतो. पूर्ण उघडल्यास एक मीटरवर तो सुमारे १०० डेसिबलपर्यंत जातो. निवासी भागासाठी नियमांत ठरवलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे, हे शेजाऱ्यांनी दार ठोठावण्यापूर्वी आपणच ध्यानात घेतलेले बरे.

सुदैवाने या ॲम्पचे सौंदर्य केवळ मोठ्या आवाजात नाही. व्हॉल्यूम चारच्या आसपास ठेवून गिटारवरचाच व्हॉल्यूम कमी-जास्त करावा. हळू छेडल्यावर स्वच्छ घुंगरासारखा आणि जोराने छेडल्यावर किंचित खडबडीत असा स्वर बोटांच्या दाबावरच मिळू लागतो, आणि आमच्या मते घरी वाजवण्यातला सर्वांत मोठा आनंद हाच आहे. आवाज फारच वाढत असेल तर दुसऱ्या क्रमांकाच्या इनपुटमध्ये वायर लावावी, तेथे संकेत निम्म्यावर येतो. ॲम्प भिंतीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवल्यास खर्ज गढूळ होतो; तो लाकडी स्टुलावर, भिंतीपासून हातभर पुढे ठेवावा, म्हणजे मागून उष्णताही निघून जाते. पॉवर ट्यूब पूर्ण तापवून आवाज तेवढा कमी करायचा असेल, तर ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसणारा अटेन्युएटर मिळतो. तो ॲम्पच्या स्पीकरशी जुळणारा, म्हणजे ४ ओमचाच घ्यावा. इन्व्हर्टरवर ॲम्प वाजवू नये, कारण साध्या इन्व्हर्टरची चौकोनी लहर ट्रान्सफॉर्मर तापवते आणि स्पीकरमधून सतत गुरगुरते.

पावसाळा

मुंबई, कोकण आणि गोव्यातील ग्राहकांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. या ॲम्पमधील सुटे भाग मेण पाजलेल्या काळ्या फायबरच्या पट्टीवर डाग देऊन बसवलेले असतात. दशकानुदशकांच्या दमट हवेत ही पट्टी ओल धरते आणि जेथे वीज वाहू नये तेथून किंचित वाहू लागते. मग व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते आणि काही केल्या दोष सापडत नाही. पुष्कळदा निष्पाप ट्यूब आणि पोटेन्शिओमीटर बदलले जातात, आणि दोष पट्टीत तसाच राहतो. पट्टी कोमट हवेने हळूहळू वाळवून मोजमाप घेतल्याशिवाय आम्ही इतर भाग बदलत नाही.

जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून किमान एकदा अर्धा तास ॲम्प वाजवावा. ट्यूबच्या उबेसारखा ओल घालवणारा दुसरा उपाय नाही. वाजवून झाल्यावर तो पूर्ण निवेपर्यंत झाकू नये आणि झाकताना प्लॅस्टिकऐवजी सुती चादर वापरावी. स्पीकरच्या कागदी कोनवर बुरशीचे पांढुरके ठिपके दिसले, तर ते कोरड्या मऊ ब्रशने अलगद झटकावेत, ओले फडके लावू नये.

दुरुस्तीसाठी आणताना

ॲम्प रिक्षातून किंवा एसटीतून आणताना त्याचे तोंड वर करून, मांडीवर किंवा गादीवर ठेवून आणावा आणि ट्यूब आधी काढून वर्तमानपत्रात गुंडाळून, कोणती कोठून काढली ते लिहून वेगळ्या डब्यात ठेवाव्यात. सोबत आपली नेहमीची गिटार आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर अवश्य आणावा, कारण पुष्कळदा दोष त्या दोघांत आढळतो. काम पूर्ण झाल्यावर काढलेला प्रत्येक भाग, अगदी दोन पिनांची वायर आणि वाळलेला कपॅसिटरसुद्धा, चिठ्ठी लावलेल्या पिशवीतून ग्राहकाला परत दिला जातो. ती पिशवी पेटीच्या तळाशी ठेवून द्यावी आणि ॲम्प कधी दुसऱ्याच्या हाती सोपवला, तर त्याच्यासोबत द्यावी.