खबर देणं आणि बोभाटा करणं

शेजारच्या माणसावर म्हणे पूर्वी लहान मुलाच्या बाबतीत केस झाली होती, एवढं कानावर आलं की लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकच धरून चालतात: पोलिसांना खबर देणं आणि ग्रुपवर टाकणं. “मी फक्त सावध केलं” हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

बोभाटा कसा होतो ते सर्वांना ठाऊक आहे. 2018 साली धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अफवेवरून पाच माणसांचा जीव गेला. आमच्या इमारतीत कुणीतरी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नव्या भाडेकरूचं नाव शोधलं आणि रात्री साडेअकराला फोटोसकट स्क्रीनशॉट टाकला. तिसऱ्या दिवशी कळलं, आरोपीच्या वडिलांचं नाव वेगळं आहे. भाडेकरूची आठ वर्षांची मुलगी तेव्हापासून खाली खेळायला आलेली नाही.

आता खबर. घोळ होतो तो इथे. पुरावा हातात आल्याशिवाय पोलिसांकडे जाता येत नाही, असं लोक समजतात आणि तो शोधायला माणसाचा भूतकाळ उकरत बसतात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की गुन्हा घडल्याचं माहीत असेल तेव्हाच नव्हे, तो घडेल अशी भीती वाटत असेल तरीही कळवायचं. शहानिशा पोलीस करतील. सद्भावनेनं दिलेल्या खबरीला हेच कलम संरक्षण देतं. ग्रुपवरच्या मेसेजला ते नाही, तिथे बदनामीचा खटला होऊ शकतो. उलट, गुन्हा घडल्याचं माहीत असून गप्प राहिलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

पण ही भीती आजच्या वागण्यातून आलेली हवी. तो मुलांना जिन्यात एकटं गाठतो, मोबाईल दाखवायला घरात बोलावतो, “आईला सांगू नकोस” म्हणतो. किंवा त्याचा मजला आला की आपलं पोर आपला हात घट्ट धरतं. हे कळवण्यासारखं आहे. ‘पूर्वी म्हणे काहीतरी झालं होतं’ एवढंच हाती असेल तर आपल्या मुलावर नजर ठेवा, त्याच्याशी रोज बोला आणि ऐकलेलं पुढे नेऊ नका.

अमेरिकेतले नातेवाईक सांगतात, “पत्ता टाकून बघ.” तिथली नोंद लोकांना खुली आहे. आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 2018 पासून आहे, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते, आणि मला ते योग्य वाटतं. असा माणूस बरेचदा मुलाच्या घरातलाच असतो. त्याचं नाव फुटलं की गल्लीला मूलही कळतं. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे, हे जुनं कात्रण पुढे पाठवणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला किंवा पोलीस ठाण्यात सांगताना दिवस, वेळ, जागा आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत सांगा. त्याला पुन्हा पुन्हा विचारून ते शब्द बदलू देऊ नका.