एमसीबी असताना आरसीसीबी कशाला? दोन्हीतला फरक नीट समजून घ्या

"आमच्याकडे सगळ्या एमसीबी आहेत, शॉक बसला तर आपोआप पडतील" असं बोलणारे लोक घरोघरी भेटतात, आणि वायरमन पण कधीकधी हो ला हो करतो. एमसीबी म्हणजे बोर्डातला, जास्त करंट झाला की आपोआप पडून सप्लाय तोडणारा स्विच; शॉकपासून माणूस वाचवणं हे तिचं कामच नाही हो. ती असते भिंतीतल्या वायरसाठी.

एमसीबीवर सी१६ असं काहीतरी छापलेलं असतं बघा. १६ म्हणजे १६ अँपिअर, पण १७ झाले की लगेच पडते असं नाही, आत दोन धातूंची पट्टी असते ती तापते, वाकते आणि मग ट्रिप होते, त्याला बराच वेळ जाऊ शकतो. शॉर्ट झाला तर मात्र आतली कॉइल झटक्यात ओढते. सी म्हणजे रेटिंगच्या ५ ते १० पट करंट आला की क्षणात पडणार, बी असेल तर ३ ते ५ पटीत. म्हणून एसी, मोटर वगैरे सुरू होताना जास्त करंट खेचणाऱ्या गोष्टींना सी लावतात, नाहीतर दरवेळी पडत बसेल. ३००० वॉटचा गीझर साधारण १३ अँपिअर घेतो, तो १६ वर आरामात चालतो.

आता हिशोब करा. ओल्या हाताने फेजला (करंट येणाऱ्या वायरला) हात लागला, शरीराचा रेझिस्टन्स अंदाजे १००० ओहम धरा, २३० व्होल्टला करंट झाला २३० मिलीअँपिअर. जीव जायला एवढा पुरतो. पण एमसीबीला काय दिसतं, तर घरात ५० वॉटचा एक बल्ब जास्तीचा लागला! ती कशाला पडेल?

इथे आरसीसीबी लागते, म्हणजे करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच. तिच्यातून फेज आणि न्यूट्रल (परतीची वायर) दोन्ही जातात आणि ती फक्त एवढंच बघते की जेवढा करंट गेला तेवढा परत आला का. तुमच्या अंगातून जमिनीत थोडा गेला की दोन्हीत फरक पडतो, तो फरक ३० मिलीअँपिअर झाला की जास्तीत जास्त ०.३ सेकंदात सप्लाय बंद, आणि बऱ्याचदा त्याच्याही आधी.

पण तिच्यावर ४० ए (अँपिअर) पण लिहिलेलं असतं आणि गोंधळ तिथेच होतो. ४० म्हणजे एवढा लोड ती वाहू शकते, ४५ झाले म्हणून ती पडणार नाही, उलट स्वतःच तापेल, त्यामुळे एमसीबी काढून नुसती आरसीसीबी ठेवणं हा पण वेडेपणाच. दोन्ही कामं एकातच हवी असतील तर आरसीबीओ मिळते, महाग पडते. दुकानात जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात आणि हातात आरसीसीबीच देतात, ते ठीक आहे, फक्त ३० एमए (मिलीअँपिअर) छापलंय का ते बघा, १०० किंवा ३०० वाली आगीपासून संरक्षणासाठी असते, माणसासाठी नाही. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल, पायाखाली कोरडं लाकडी स्टूल असं असेल तर आरसीसीबी पण काही करू शकत नाही, कारण गेलेला करंट पूर्ण परत येतोय.

टेस्टचं बटण शोभेला नाही दिलेलं. सप्लाय चालू असताना महिन्या दोन महिन्यांनी दाबा, पडली नाही तर बदलून टाका.

खरा राग येतो तो "सारखी पडते म्हणून डायरेक्ट करून टाकली", म्हणजे आरसीसीबी वगळून वायर सरळ जोडली, याचा. इन्व्हर्टर बसवल्यापासून पडायला लागली असेल तर बहुतेक वेळा कोणीतरी इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्याच न्यूट्रलला जोडलेला असतो, म्हणजे फेज आरसीसीबीतून आणि परतीचा करंट बाहेरून. ती बिचारी बरोबर काम करतेय आणि शिव्या तिलाच. पावसाळ्यात पडत असेल तर गच्चीवरचा लाइट, बोअरची मोटर, बाहेरचा बोर्ड यांच्यावर आधी संशय घ्या, गीझरचा एलिमेंट तर बारा महिने संशयितच.

शोधायचं कसं, तर सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी वर करत जा, जिला वर केल्यावर पडली ती लाइन. सगळ्या खाली असताना पण पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला लागलाय असं समजा, कारण घरातल्या साध्या सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. अशा वेळी फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर सगळ्यांचे प्लग सॉकेटमधून उपटून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि तरीही पडली तर मग वायरमनला मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) घेऊन बोलवा.