आवराआवर

घरातल्या नको असलेल्या वस्तू काढून टाकणे आणि उरलेल्या जागच्या जागी लावणे म्हणजे आवराआवर. मराठीत पसारा आवरतात, तसे रडूही आवरतात आणि रागही. घर आणि मन यांना एकच क्रियापद लावणाऱ्या भाषेला या दोहोंचा संबंध वेगळा सांगावा लागत नाही.

महाराष्ट्रात आवराआवरीचे हंगाम ठरलेले आहेत: घटस्थापनेच्या आधी आणि दिवाळीच्या आधी. अंथरुणे-पांघरुणे धुतली जातात, माळ्यावरची भांडी खाली येतात. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिची पूजा करतात. त्या मध्यरात्री सुपे वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याची जुनी प्रथा आहे.

याच सुमारास बोहारीण दारात येई. काही ठिकाणी अजूनही येते. जुनी साडी उजेडासमोर धरून ती विरलेली जागा शोधते आणि पातेले पुढे करते. घरची बाई झाकणाचा डबा मागते. बराच वेळ घासाघीस चालते आणि वर्षानुवर्षे टाकवत नसलेली साडी अखेर बोचक्यात जाते. अडगळ साठते ती ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणत. माळ्यावरची प्रत्येक वस्तू हा पुढे ढकललेला निर्णय असतो. आवरल्यावर जे हलके वाटते ते मोकळ्या फडताळामुळे थोडे आणि असे निर्णय मार्गी लागल्यामुळे जास्त.

लॉस एंजेलिसमधील नोकरदार जोडप्यांचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. आपले घर पसाऱ्याचे, अर्धवट कामांचे आहे असे सांगणाऱ्या स्त्रियांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक दिवसभरात पुरेसे उतरत नसल्याचे त्यात दिसले. यावरून पसाऱ्यानेच ताण येतो असे म्हणता येत नाही. खचलेल्या माणसाच्या हातून घर आवरलेच जात नाही, हेही तितकेच खरे.

मनातला पसारा बहुधा अपुऱ्या कामांचा असतो. अपुरी कामे पुऱ्या झालेल्यांपेक्षा जास्त आठवतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये मांडले. काम लगेच उरकायलाच हवे असे नाही. ते कधी आणि कसे करायचे हे ठरले तरी त्याची टोचणी कमी होते. म्हणून झोपण्यापूर्वी उद्याची कामे कागदावर उतरवणे हीही आवराआवरच.

गाडगेबाबा (1876–1956) दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावकऱ्यांना कर्ज काढून केलेले सण, नवसाचे बोकड, दारू यांबद्दल प्रश्न विचारत. बाहेरची आणि आतली झाडलोट एकाच दिवसाच्या कामात बसवणारा त्यांच्याइतका ठळक माणूस महाराष्ट्रात दुसरा नाही.

काहींना मात्र निरुपयोगी वस्तूही सोडवत नाहीत, घरात वावरायला जागा उरत नाही. अमेरिकी मनोविकार संघटनेने 2013 मध्ये या अतिसंचयाला स्वतंत्र विकार मानले. अशा माणसाचे घर त्याच्या माघारी रिकामे केले तर त्रास वाढतो. उपचार चालू ठेवून, एकेक वस्तू त्याच्याच हातात देऊन, हळूहळू आवरावे लागते.